सुतावरून स्वर्ग: ‘लाईन’ या इंग्रजी शब्दाचे सगळे अर्थ कसे पकडायचे

चार-पाच वर्षं झाली असतील, फोनवर इंटरव्ह्यू होता माझा. पुण्याकडची कंपनी, नाव जाऊ द्या. मॅडमनी विचारलं की तीन दिवसांपासून मेल पाठवून राहिलो, उत्तर का नाही? आता खरं कारण असं होतं की आमच्या धुऱ्यावरची डीपी जळाली होती, गावात तीन दिवस अंधार, मोबाईल चार्ज करायला मी दारव्ह्याला जात होतो. मी आपलं सरळ सांगून टाकलं.

“मॅडम, लाईन वॉज गॉन.”

“व्हिच लाईन?”

“मॅडम, फुल व्हिलेज लाईन.”

“यू मीन फोन लाईन? इंटरनेट लाईन?”

“नो मॅडम. बल्ब लाईन.”

तिकडं थोडा वेळ काहीच आवाज नाही, मग हसण्याचा. नोकरी काही लागली नाही, पण ती बल्ब लाईनमुळं गेली असं मी म्हणत नाही, बाकीचं इंग्रजीही तसंच होतं. घरी आबाजीले सांगितलं त ते म्हणे, “लाईन मंजे लाईन, त्यात समजाचं काय हाय एवढं?”

तर तेच हाय. लाईन हा शब्द आपण दिवसातून वीस वेळा बोलतो, शाळेची पायरी न चढलेला माणूसही बोलतो, आणि तरी इंग्रजी वाक्यात तो आला की पोट्टे ‘रेषा’ लिहून मोकळे होतात. मी आता संध्याकाळी समाजमंदिरात दहावी-बारावीची आणि भरतीची तयारी करणारी पोरं घेऊन बसतो, तिथं हा एक शब्द मी पुरता आठवडाभर शिकवतो. कसा ते इथं टाकून राहिलो. एवढा एक शब्द नीट जमला ना, तर पॉईंट, रन, सेट, चार्ज असल्या बाकीच्या बहुरूप्यांना कसं धरायचं तेही आपोआप कळतं.

पहिली पायरी: डिक्शनरी बाजूला ठेवा, वही घेऊन गावात फिरा

डिक्शनरीत लाईन उघडली तर पानंच्या पानं आहेत, पाहूनच माणूस हाय खातो. म्हणून आधी आपल्या तोंडातली लाईन गोळा करायची. दोन दिवस कान उघडे ठेवा आणि कोणी लाईन म्हटलं की पूर्ण वाक्य लिहा. नुसता शब्द लिहू नका, वाक्य लिहा, हे फार महत्त्वाचं आहे.

आमच्या पोरांनी आणलेली वाक्यं पहा. ‘लाईन कव्हा येते?’ (मोटरसाठी). ‘जिनिंगसमोर बंड्यांची लाईन लागली.’ ‘तो पोट्टा तिले लाईन मारते.’ ‘याची लाईन सायन्स, त्याची आर्ट.’ ‘आता कुठं लाईनवर आला बाप्पा तो.’ ‘पऱ्हाटी लाईनीनं लावली.’ ‘काळी-पिवळी यवतमाळ लाईनवर चालते.’ ‘पोलीस लाईनीत राहते तो.’ ‘रेल्वे लाईनच्या पलीकडं वावर हाय.’ ‘सोयाबीनचं ऑनलाईन केलं का?’ एका पोरीनं तर तिच्या मायचं वाक्य आणलं, ‘फाटकाजवळच्या लाईनवरचे कपडे काढ वं,’ आणि ही लाईन म्हणजे तार.

आता यांच्यासमोर शुद्ध मराठी शब्द लिहा: वीज, रांग, ओळ, शाखा, मार्ग, वसाहत, रूळ, दोरी, तार. एका शब्दासाठी नऊ शब्द झाले. म्हणजे मराठीत बोलतानाच आपण लाईनचे नऊ अर्थ न चुकता वापरून राहिलो आणि इंग्रजीत मात्र एकच आठवतो. हे पोरांना दाखवलं ना, की अर्धी भीती तिथंच जाते.

दुसरी पायरी: सूत पकडा

ही पायरी मला सगळ्यात आवडते, त्यामुळं इथं जरा लांबण लागली तर चालवून घ्या.

जवस तर माहीतच आहे सगळ्यांना. निळी फुलं, तेल, आणि भाकरीसंग जवसाची चटणी. लॅटिन भाषेत या जवसाच्या झाडाला म्हणतात लिनम. त्याच्या खोडातून वाख निघतो, आपल्याकडं अंबाडी पाण्यात कुजवून वाख काढायचे ना, तसंच तिकडं जवस कुजवून काढतात. त्या वाखाचं सूत कातलं की झाला लिनिया, म्हणजे जवसाच्या सुताचा दोरा. तोच घसरत घसरत इंग्रजीत आला आणि लाईन झाला. लाईन म्हणजे मुळात दोरा, रेषा वगैरे सगळं नंतरचं.

याची भावकी पण मोठी आहे. लिनन कापड याच घरातलं. लिनसीड म्हणजे जवसाचं बी. क्रिकेटची नवी बॅट घेतली की तिला जे लिनसीड ऑइल चोळतात ते आपलं जवसाचंच तेल, दुकानदार बाटलीचे वेगळे पैसे घेते एवढंच. जिनिंगमध्ये सरकी वेगळी काढून उरते ती लिंट, तो शब्दही त्याच भावकीतला. (आपलं जवस ठेंगणं, फांद्या फुटणारं, तेलासाठीचं. तिकडच्या थंड मुलखात धाग्यासाठी उंच सोट वाढणारं लावतात. लगेच कोणी जवसाचं कापड विणायला काढू नका.)

आता मजा पहा. तिकडच्या लोकांनी जवसाच्या दोऱ्यावरून जे केलं तेच आपल्या लोकांनी कापसाच्या सुतावरून केलं. घरकुलाचं काम चालू असलं की मिस्त्रीकडं पाहत उभं राहा. दोन टोकाला दोन खिळे, मधे लाईनदोरी ताणलेली, आणि तो एका डोळ्यानं पाहून म्हणते, “हे वीट सुतात नाही.” सुतात म्हणजे इन लाईन! सुताराला फळी सरळ कापायची असली की तो दोरा काव लावून ताणते, मधून चिमटीत उचलून सोडते, टण्ण, आणि फळीवर लाल रेघ. दोऱ्याची रेघ कशी होते ते डोळ्यासमोर. पुढं त्याच सुताचं माप झालं, इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. दोघांचं जमलं तर सूत जुळलं. नाटकाचा सूत्रधार, गणिताचं सूत्र, सगळं त्या एका दोऱ्याला लटकलेलं. म्हणजे आपल्यासाठी लाईन परकी नाहीच, ती सुताची चुलत बहीण आहे.

तर वहीत एक दोरा काढा आणि त्याच्या फांद्या करा. पहिली, जिथं लाईन म्हणजे खरंच दोरा, दोरी, तार: मासे धरायची फिशिंग लाईन, कपड्यांची क्लोथ्सलाईन, मिस्त्रीचा ओळंबा म्हणजे प्लंब लाईन, फोनची, विजेची. दुसरी, दोरा ताणून मारलेली खूण: भूमितीतली रेषा, नंबर लाईन, शेताची नाहीतर देशाची हद्द, तळहातावरची रेघ, कपाळावरची सुरकुती. तिसरी, दोऱ्यात ओवल्यासारखं एकामागून एक: रांग, पुस्तकातली ओळ, नटाचं वाक्य, राजाचा वंश. चौथी, दोरा जिकडं नेते तो रस्ता: रेल्वे, बस, जहाज, धंदा, विचाराची दिशा.

तिसऱ्या फांदीची दोन उदाहरणं मी हमखास देतो. आपल्याकडं झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोली-चंद्रपूर-भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात रात्र रात्र नाटकं चालतात, वडसा तर त्या कंपन्यांचं माहेरच. तिथं नट अडखळला की इंग्रजीत म्हणू, ‘ही फर्गॉट हिज लाईन्स.’ इथं लाईन्स म्हणजे त्याच्या वाट्याचं बोलणं, रेघा नाही. दुसरं इतिहासातलं. नागपूरचे तिसरे रघूजी भोसले १८५३ साली वारस न ठेवता गेले आणि डलहौसीनं राज्य खालसा केलं. आता ‘ही वॉज द लास्ट ऑफ हिज लाईन’ हे वाक्य वाचा, कळलं ना? एका पोरानं याचं भाषांतर ‘तो रांगेत शेवटी उभा होता’ असं केलं होतं. तसं पाहिलं तर चूक तरी कशी म्हणावी.

चौथ्या फांदीसाठी शकुंतला. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला जायची ती छोटी गाडी, रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, कापूस वाहून न्यायला टाकलेली लाईन. आबाजीच्या पिढीच्या सगळ्या आठवणी तिच्यावर. यवतमाळ म्हणजे तिचं शेवटचं टेसन, इंग्रजीत एन्ड ऑफ द लाईन. आणि हेच शब्द माणसाबद्दल आले तर अर्थ होतो, आता पुढं रस्ता नाही, संपलं.

तिसरी पायरी: नाव आहे की काम, ते पहा

लाईन वाक्यात वस्तू म्हणून बसली की क्रिया म्हणून, हे आधी ठरवायचं. मागं ‘लाईन्ड’ किंवा ‘लायनिंग’ दिसलं की सावध व्हा.

क्रिया असली तर दोनच अर्थ डोक्यात ठेवा. एक म्हणजे कडेकडेनं उभं असणं. ‘नीम ट्रीज लाईन द रोड’, रस्त्याच्या कडेनं कडुलिंबाची झाडं आहेत. शेगावहून गजानन महाराजांची पालखी निघते तेव्हा ‘पीपल लाईन्ड द रोड’, म्हणजे लोक दोन्ही बाजूंनी दर्शनाला उभे होते. रांग लावून उभे होते असं नाही हां, रांग लावायची तर ‘लाईन अप’ लागते.

दुसरा अर्थ अस्तर लावणं. हा कुठून उपटला म्हणाल तर तोही जवसातूनच, कोटाला आतून लिननचं कापड लावायचे, म्हणून आतून काही लावणं म्हणजेच लाईन करणं. आणि हा अर्थ आपल्याकडं कापडापेक्षा शेतात जास्त दिसते. शेततळ्यात ५०० मायक्रॉनची पन्नी टाकतात ते लायनिंग. कालव्याचं अस्तरीकरण म्हणजे कॅनॉल लायनिंग. ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये ‘लायनर-पिस्टन गेले’ म्हणतात ना, तो लायनर म्हणजे सिलिंडरच्या आतलं अस्तर. गाडीचे ब्रेक लायनर, तेही तेच. आमच्या गावच्या मेकॅनिकले मी हे सांगितलं की भाऊ, तू दिवसभर अस्तर बदलून राहिला, त तो म्हणे, “मंग मी टेलरच झालो का?”

यावरून इंग्रजीतली एक म्हण पण कळते, ‘ही लाईन्ड हिज पॉकेट्स.’ स्वतःच्या खिशाला अस्तर लावलं, पण नोटांचं. सरकारी कामातला पैसा खाल्ला असा अर्थ. उदाहरण द्यायची गरज नाही, जो तो आपल्या गावचं आठवून घेईल.

चौथी पायरी: लाईनच्या शेजारचा छोटा शब्द धरा

सगळ्यात जास्त मार्क इथं जातात. लाईन तीच असते, शेजारी इन, ऑन, आऊट ऑफ, बिटवीन, डाऊन यातला कोण बसला त्यावर अर्थ उलटा-पालटा होतो. बंडी तीच असली तरी बैल कोणते जुंपले त्यावर चाल ठरते, तसं.

‘इन लाईन’ म्हणजे रांगेत. मागं ‘फॉर’ लागला की मिळायच्या बेतात: ‘शी इज इन लाईन फॉर अ प्रमोशन.’ मागं ‘विथ’ लागला की त्यानुसार, त्याला धरून: ‘इन लाईन विथ द रूल्स.’ सरकारी इंग्रजी पत्रात हे वरचेवर सापडते. ‘आऊट ऑफ लाईन’ म्हणजे सुतात नसलेलं, वीट असो का माणूस. माणसाबद्दल असलं तर मर्यादा सोडून बोलला.

‘ऑन द लाईन’चे दोन अर्थ, आणि दोन्ही एकमेकांपासून कोसभर दूर. फोनवर असणं हा एक. दुसरा, पणाला लागणं. ‘हिज लँड इज ऑन द लाईन.’ हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं तेव्हा पोरांनी सांगितलं की त्याचं शेत रेल्वे लाईनवर आहे, एकानं सांगितलं की विजेच्या तारेखाली आहे. अर्थ होता की त्याची जमीन जायची वेळ आली, सावकाराकडं म्हणा, बँकेकडं म्हणा. सांगितल्यावर वर्गात थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. हा अर्थ आता त्यांच्यापैकी कोणीच विसरणार नाही.

‘डाऊन द लाईन’ म्हणजे पुढं जाऊन, काही वर्षांनी. ‘समथिंग अलाँग दोज लाईन्स’ म्हणजे साधारण तसंच काहीतरी. ‘रीड बिटवीन द लाईन्स’, दोन ओळींच्या मधलं वाचा, म्हणजे न लिहिलेलं ओळखा. सोयरिकीच्या बोलणीत मुलाकडचे म्हणतात ना, “आम्हाले काहीच नको, तुम्ही तुमच्या पोरीले काय द्याचं ते द्या,” तिथं हे लागते.

आता लाईनच्या आधी कोणतं काम येते तेही पहा. ‘ड्रॉ द लाईन’, इथवरच, पुढं नाही. ‘क्रॉस द लाईन’, ती हद्द ओलांडली. ‘होल्ड द लाईन’, फोन ठेवू नका, आणि लढाईत असलं तर मोर्चा सोडू नका. ‘ड्रॉप मी अ लाईन’, दोन ओळी लिहून पाठवा, काही पाडायचं नाही. ‘टो द लाईन’मध्ये भलेभले फसतात, तो टो म्हणजे टी-ओ-ई, पायाचा अंगठा, टी-ओ-डब्ल्यू वाला गाडी ओढायचा टो नव्हे. रेघेला अंगठा लावून गुमान उभं राहा, म्हणजे वरून आदेश आला तसं वागा. जिल्हा परिषदेच्या सभापतीची निवड असली की सदस्यांना हेच करावं लागते, आणि जो आदेश असते त्याला म्हणतात पार्टी लाईन.

मासेमारीचा एक वाक्प्रचार राहिला, ‘हुक, लाईन अँड सिंकर.’ गळ, दोरी आणि दोरीला बांधलेलं शिसं, मासा सगळंच गिळून बसला. म्हणजे थापेवर पुरता विश्वास ठेवला. दामदुप्पट स्कीमवाले गावात येतात तेव्हा आठवा.

पाचवी पायरी: जोडून आलेली लाईन सोडवा

हेडलाईन, बायलाईन, हेल्पलाईन, पाईपलाईन, आऊटलाईन, गाईडलाईन, एअरलाईन. यांचं पाठांतर करू नका, पुढचा तुकडा वेगळा काढा आणि मागं सूत लावून पहा, बहुतेक वेळा जमते. एअरलाईन म्हणजे हवेतली रेघ नाही, ठरल्या मार्गानं नेमानं विमानं चालवणारी कंपनी, चौथ्या फांदीवरची. आपली काळी-पिवळी यवतमाळ लाईनवर चालते, तिच्यात आणि यात फरक फक्त तिकिटाचा. बॉटम लाईन ही हिशेबाच्या कागदावरची शेवटची ओळ, सगळं वजा जाता उरलं काय ते. म्हणून बोलण्यात तिचा अर्थ झाला, मुद्द्याचं बोला. कापसाचा हिशेब करताना बियाणं, खत, फवारा, वेचाई सगळं वजा करून खाली जे उरते (उरलं तर) ती आपली बॉटम लाईन.

डेडलाईनची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत यादवी चालू होती, १८६४ साली जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल नावाच्या ठिकाणी युद्धकैद्यांचा तुरुंग होता. कुंपणाच्या आत थोडं अंतर सोडून एक हलका कठडा घातलेला. कैद्यानं तो ओलांडला की पहारेकऱ्यानं गोळी घालायची, बस्स. ती डेड लाईन. पुढं छापखान्यात, वर्तमानपत्रात तो शब्द आला आणि काम द्यायची शेवटची वेळ असा झाला. आता पीकविम्याच्या शेवटच्या तारखेला सर्व्हर बंद पडते तेव्हा मूळ अर्थच बरोबर वाटते.

काही लायनी तर आद्याक्षरात लपून बसल्या आहेत. बीपीएल कार्ड सगळ्यांना माहीत, पण त्यातला एल कोण? बिलो पॉवर्टी लाईन, दारिद्र्यरेषा. एलओसी मधला एलही लाईन, लाईन ऑफ कंट्रोल. एलआयसीचा एल मात्र लाईफ, तिथं लाईन घुसवू नका, माझ्या वर्गात घुसवली आहे एकानं.

भरतीवाल्यांनी हद्दीच्या लायनी इथंच पाठ करून टाका. ड्युरंड लाईन १८९३, अफगाणिस्तानकडची. मॅकमहोन लाईन १९१४, सिमला परिषदेतली, तिबेटकडची. रॅडक्लिफ लाईन १९४७, भारत-पाकिस्तानमधली, आणि ती जाहीर झाली १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्य मिळून दोन दिवस झाले तरी आपण कोणत्या देशात हे कित्येक गावांना माहीत नव्हतं. लाईन ऑफ कंट्रोल हे नाव १९७२ च्या सिमला कराराच्या वेळचं, त्याआधी तिला सीझफायर लाईन म्हणत. चीनकडची ती लाईन ऑफ ॲक्चुअल कंट्रोल. या सगळ्या दुसऱ्या फांदीवरच्या, दोरा ताणून मारलेल्या.

खेळाचं थोडक्यात. क्रिकेटमध्ये ‘लाईन अँड लेंग्थ’मधली लाईन म्हणजे बॉलची दिशा, लेंग्थ म्हणजे टप्पा. रनआऊटच्या वेळी बॅट क्रीजच्या रेघेवरच असली तर आऊट, टेनिसमध्ये बॉल रेघेवर पडला तर आत, दोन्हीकडं ‘ऑन द लाईन’च म्हणतात आणि निकाल उलटा. कबड्डीत तर सगळा खेळच लायनींचा: मिड लाईन, बॉक लाईन, बोनस लाईन, एन्ड लाईन. पुरुषांच्या मैदानात मिड लाईनपासून ३.७५ मीटरवर बॉक लाईन, तिच्यापुढं १ मीटरवर बोनस. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवले होते, तेव्हा आपल्या भागातल्या पोरानं निदान या चार लायनी तरी इंग्रजीत सांगता याव्यात.

सहावी पायरी: आपली लाईन त्यांना कळत नाही, ती बदलून सांगा

ही पायरी मला आधी माहीत असती तर बल्ब लाईन झाली नसती.

‘लाईन गेली’चं इंग्रजी ‘द पॉवर इज आऊट’ किंवा ‘देअर इज नो पॉवर’. ‘लाईन आली’, ‘द पॉवर इज बॅक’. लाईन वॉज गॉन म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटते फोन कटला नाहीतर रांग संपली. तसं आपण अगदीच चुकीचं बोलतो असंही नाही, प्लगच्या मागं वायर जोडायच्या जागी एल, एन, ई अशी अक्षरं असतात, त्यातला एल लाईनच आहे. समोरून पाहिलं तर वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडं लाईन, डावीकडं न्यूट्रल. म्हणजे आपल्या लोकांनी शब्द वायरमनच्या तोंडून उचलला. आणि उचलला तो नेमका, करंट ज्या वायरमधून येते तिचंच नाव.

‘लाईन मारते’ला ‘ही इज फ्लर्टिंग विथ हर’. हिट्स लाईन वगैरे करू नका. त्यांच्याकडं पिक-अप लाईन असते, ती म्हणजे ओळख काढायला टाकलेलं वाक्य. ‘सायन्स लाईन’ला सायन्स स्ट्रीम. पण ‘तुमची लाईन कोणती?’ हे मात्र जसंच्या तसं चालते, ‘व्हॉट्स युअर लाईन ऑफ वर्क?’ ‘पोरगं लाईनवर आलं’ला ‘ही इज बॅक ऑन ट्रॅक’, लाईनचा रूळ झाला, पण रस्ता एकच. रांगेला अमेरिकावाले लाईन म्हणतात, इंग्लंडवाले क्यू. आपल्याकडं दोन्ही चालते, पेपरात एकच धरून चला.

आणि ‘ऑनलाईन केलं’. गावात हे आता क्रियापदच झालं, फॉर्म भरला, केवायसी झाली, सातबारा निघाला, सगळ्याला एकच, ऑनलाईन केलं. इंग्रजीत नुसतं ‘आय डिड ऑनलाईन’ म्हटलं तर पुढचा विचारेल, काय केलं? काम सांगावं लागते: ‘आय अप्लाईड ऑनलाईन’, ‘आय पेड ऑनलाईन’.

सातवी पायरी: स्वतःची परीक्षा घ्या

खालची वाक्यं आधी झाकून सोडवा. प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारायचे: कोणती फांदी, नाव का क्रिया, शेजारी कोण. रोज पाच नवी वाक्यं वहीत टाका, निदान दोन आपल्या गावची असू द्या, नाहीतर डोक्यात राहत नाहीत.

‘द कॅनॉल इज लाईन्ड विथ कॉंक्रीट.’ क्रिया आहे, अस्तर. कालव्याला काँक्रीटचं अस्तर आहे.

‘विमेन लाईन्ड बोथ साईड्स ऑफ द कॅनॉल.’ तीच क्रिया, तोच कालवा, पण बाया दोन्ही काठांनी उभ्या आहेत. बायांचं अस्तर लावू नका.

‘शी गॉट अ लाईन ऑफ क्रेडिट अगेन्स्ट हर लँड.’ बँकेनं जमिनीवर ठराविक रकमेपर्यंत उचल करायची मुभा दिली, लागेल तेव्हा काढा, भरा, परत काढा. आपलं पीककर्जाचं केसीसी (किसान क्रेडिट कार्ड) खातं साधारण त्याच चालीचं.

‘द पोलीस आर फॉलोइंग अ न्यू लाईन ऑफ इन्क्वायरी.’ चौथी फांदी, तपासाची दिशा बदलली.

‘दॅट जोक वॉज आऊट ऑफ लाईन, बट द पंचलाईन वॉज गुड.’ एकाच वाक्यात दोन, पहिली मर्यादा, दुसरी शेवटची हसवणारी ओळ.

‘द लाईनमन आस्क्ड अस टू स्टँड इन लाईन, अँड देन द लाईन वेन्ट डेड.’ यात तीन आहेत. पहिला तारेवाला, दुसरी रांग. तिसरीवर आमच्या वर्गात अर्धा तास भांडण चाललं होतं, अर्धे म्हणे वीज गेली, अर्धे म्हणे फोन बंद पडला. ‘वेन्ट डेड’ फोनलाही म्हणतात आणि विजेच्या तारेलाही, त्यामुळं नुसत्या या वाक्यावरून ठरत नाही, पुढचं वाक्य वाचावं लागते. पेपरात आलं तर आधी पूर्ण उतारा वाचा, मग लिहा.